गिरणीच्या किटमधील टोकाच्या दोन्ही भिंती एकसारख्याच कापलेल्या: सुधारित भाग मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठीच्या 1:87 मापाच्या कापड गिरणीच्या प्रतिकृतीचे लेझर-कट किट, आराखड्यातील चूक

महोदय / महोदया,

आपल्या गिरणीच्या किटबद्दल मी आधी तक्रार केली तेव्हा आपण खोके बदलून दिलेत. दुसऱ्या खोक्यातही तीच चूक आहे. तिसरे पाठवलेत तरी तीच निघेल, कारण काही तुटलेले नाही. कापणीच्या फाइलमध्येच चूक आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कृपया ते आराखडा करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे.

गिरणीचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. प्रत्येक दात्याची एक बाजू जवळजवळ उभी, काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली; दुसरी लांब, उतरती, पत्र्याची. आपल्या देशात उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो आणि थेट ऊन मागांवर फारसे येत नाही, म्हणून ही रचना. दाता असा एका अंगाला झुकलेला असल्यामुळे टोकाच्या दोन भिंती एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्या लागतात. आपण ए-1 आणि ए-2 या दोन्ही भिंती सारख्याच कापल्या आहेत. दोन्हींवर विटांचे कोरीवकाम एकाच अंगाला आहे, भागाचा क्रमांकही त्याच कोपऱ्यात आहे. आराखड्यात भिंत उलटवण्याऐवजी नुसती कॉपी झाली आहे, हे उघड दिसते.

विटा बाहेर ठेवून भिंती उभ्या केल्या की एकीची काच उत्तरेला जाते, दुसरीची दक्षिणेला. दाता 70 मि.मी. रुंद आहे आणि त्याचे टोक काचेच्या पायापासून 12 मि.मी.वर येते. म्हणजे समोरासमोरची टोके 46 मि.मी.ने चुकतात आणि छपराचा एकही पत्रा बसत नाही. दाते जुळवायला एक भिंत फिरवली, तर विटा आत जातात आणि छपराला आधार देणाऱ्या कैच्यांच्या खाचा बाहेर येतात. वरून 0.5 मि.मी.ची विटांची प्लास्टिक शीट चिकटवा, असे आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सुचवले. त्याने भिंतीची जाडी वाढते आणि कोपऱ्यावर विटांचे थर जुळत नाहीत. आपले मूळ कोरीवकाम इतके चांगले आहे (10 थरांना 8.7 मि.मी., म्हणजे प्रत्यक्षात एक थर सुमारे 76 मि.मी., अगदी जुन्या बांधकामासारखा) की ते झाकणे मला पटत नाही.

दुसरी अडचण जाडीची. खाचा 3.0 मि.मी.च्या आहेत. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) मात्र व्हर्नियर कॅलिपरने सहा ठिकाणी मोजला, तो 2.6 ते 2.7 भरला. एवढ्या ढिलाईत भिंत गुण्यात उभी राहत नाही. फेविकॉल वाळेपर्यंत आत काटकोनी ठोकळे लावून ठेवावे लागतात. आलेला बोर्ड मोजूनच खाचांचे माप ठरवा. बाजारात 3 मि.मी. म्हणून मिळणारा बोर्ड पुष्कळदा पातळ असतो.

सूचनापत्रकातल्या तीन गोष्टीही बदलायला हव्यात. खिडक्यांच्या पारदर्शक शीटला सुपरग्लू लावायला सांगितले आहे. त्याच्या वाफेने शीट पांढरी पडते आणि तो डाग निघत नाही. तिथे पांढरा गोंद काठीच्या टोकाने लावायला सांगा. रंगाआधी भिंतींना दोन्ही अंगांनी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचा) हात द्यावा लागतो. पत्रकात थेट पाण्यातला प्रायमर आणि तोही फक्त बाहेरून दिला आहे. त्याने बोर्ड ओलावा एकाच अंगाने पितो आणि वाकतो.

तिसरी गोष्ट मालधक्क्याची. त्याची उंची 17 मि.मी. आहे. ती पायाच्या फळीवरून की रुळाखाली अंथरलेल्या कॉर्कवरून मोजायची, हे लिहिलेलेच नाही. 5 मि.मी. कॉर्क आणि स्लीपरसह 5 मि.मी. उंचीचा रूळ धरला, तर फळीवर ठेवलेला धक्का रुळाच्या माथ्यावर जेमतेम 7 मि.मी. येतो आणि वॅगनचे दार अधांतरी राहते. इमारतीखालीही तेवढाच कॉर्क घातला की 12 मि.मी. मिळतात. ब्रॉडगेजच्या मालधक्क्याची 1 मीटरहून थोडी जास्त असलेली उंची 1:87 मध्ये एवढीच येते. पत्रकात एक वाक्य वाढवले तरी काम होईल.

चिमणी 300 मि.मी.ची आहे, म्हणजे खरी 26 मीटरची. गिरणीच्या मानाने ती ठेंगणी, पण लेआउटवर जागेसाठी सगळेच आक्रसून घ्यावे लागते. तिच्याबद्दल तक्रार नाही.

माझी मागणी अशी: आरशात उलटवलेली ए-2 भिंत, खऱ्या जाडीला जुळणाऱ्या खाचांसह, 15 दिवसांत विनाशुल्क पाठवावी. खोके परत मागवू नये; बाकीचे भाग वापरता येण्याजोगे आहेत. हे शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. यापूर्वी ज्यांनी हे किट घेतले, त्यांनाही सुधारित भिंत पाठवावी. त्यांच्याकडेही छप्पर बसणार नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही खोक्यांतील ए-1 व ए-2 भिंतींची शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे, व्हर्नियरच्या मोजमापांचा कागद.