सवलत बिलातून वजा करा, आणि गाडीचा आकार पाहून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सरकारने पैसे द्यावेत की नाही, यावर वाद पुष्कळ होतो. ते पैसे कोणत्या वाटेने द्यावेत, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. मी बरीच वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरते, त्यामुळे माझी नजर आधी त्या वाटेकडे जाते. छोटी, स्वस्त इलेक्ट्रिक गाडी ज्यांच्या खऱ्या उपयोगाची आहे, त्यांच्या हातात करातून दिलेली सवलत बहुतेक वेळा पडतच नाही, हे मला अगदी जवळून दिसतं.

माझ्याकडे एक परिचारिका येतात. पाळ्यांची नोकरी. रात्रीची पाळी संपते तेव्हा बस नसते, घरी सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्यांनी एक छोटी इलेक्ट्रिक गाडी पाहून ठेवली होती. गाडीच्या माहितीपत्रकाच्या मागे विक्रेत्याने पेनाने आकडे मांडून दिले होते: किंमत, कर्ज, महिन्याचा हप्ता, आणि त्याखाली 'करबचत' म्हणून एक भलामोठा आकडा. तो वजा करून सगळ्यात खाली गाडीची 'खरी किंमत', दोन रेघा मारून. मी त्यांचं आधीच्या वर्षाचं विवरणपत्र काढलं. सगळ्या वजावटी जाऊन त्यांना कर जवळजवळ लागतच नव्हता. ज्यातून सूट घ्यायची तो करच नाही, तर सूट येणार कुठून? त्यांनी ते माहितीपत्रक नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "मग हे पैसे मिळतात तरी कोणाला?"

ज्याला कर जास्त लागतो, त्याला मिळतात. भारतात कलम ८० ईईबी खाली १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट होती. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला तिचा सर्वांत जास्त फायदा, आणि कर न लागणाऱ्याला शून्य. अमेरिकेत तर ७,५०० डॉलरची सूट होती, पण तुमचा त्या वर्षाचा करच ३,००० डॉलर असेल तर हातात तेवढेच, उरलेले गेले. हा दोष तिथे १ जानेवारी २०२४ पासून दूर झाला. ग्राहकाने सूट विक्रेत्याच्या नावे करायची आणि विक्रेत्याने ती रक्कम जागेवरच किमतीतून कमी करायची, अशी सोय झाली. ग्राहकाचा कर किती होतो हा प्रश्नच उरला नाही. पुढे ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीसाठी ती सूटच बंद झाली, पण पद्धत म्हणून ती सोय योग्य होती असं माझं ठाम मत आहे.

त्याच अमेरिकी योजनेतली एक अट मला अजून खटकते. साध्या गाडीची किंमत ५५,००० डॉलरच्या आत हवी, पण एसयूव्ही आणि पिकअपसाठी हीच मर्यादा ८०,००० डॉलर! म्हणजे मोठी गाडी घेणाऱ्याला सरकारी पैसा घेऊन आणखी महाग गाडी घ्यायची मुभा.

टक्केवारीने दिलेल्या करमाफीचंही असंच होतं. नॉर्वेत २००१ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना २५ टक्के मूल्यवर्धित कर माफ होता. दोन लाख क्रोनरच्या गाडीवर ५० हजार वाचतात, आठ लाखांच्या गाडीवर दोन लाख. नॉर्वेने धोरण नेटाने चालवलं आणि २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण माफी फक्त पहिल्या पाच लाख क्रोनरपुरती, त्यावरच्या रकमेला कर, ही मर्यादा यायला २०२३ उजाडलं. सवलतीच्या पहिल्या दिवसापासून अशी मर्यादा का नसावी?

आता छोट्याच गाडीसाठी माझा एवढा आग्रह का, तेही सांगते. इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत महागडा भाग बॅटरीचा. मोठ्या गाडीत ८० किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलातली ८० युनिट वीज साठवणारी, बॅटरी सहज असते. जपानमध्ये २०२२ साली आलेल्या निस्सान साकुरा या छोट्या गाडीत ती २० किलोवॉट-तासांची आहे आणि कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जमध्ये गाडी १८० किलोमीटर जाते. एका मोठ्या गाडीच्या बॅटरीत अशा चार गाड्या होतात. शिवाय २० किलोवॉट-तासांची बॅटरी घरातल्या साध्या प्लगवर रात्रभरात भरते. ८० ची भरायला त्याच प्लगवर दीड दिवस लागेल. म्हणून मोठ्या गाडीला वेगळा चार्जर, वेगळी वायर, जास्त वीजभार लागतो. ज्याचं रोजचं जाणं-येणं कामावर, बाजारात, दवाखान्यात आणि शाळेत, त्याला हा सगळा बोजा कशाला?

जपानने हे फार आधी ओळखलं. तिथे 'केई' नावाचा गाड्यांचा वर्गच आहे: लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत. या मापात बसणाऱ्या गाडीला वार्षिक कर कमी. साकुरा बाजारात आली तेव्हा किंमत सुमारे २३ लाख येनपासून सुरू होत होती आणि तिच्यावर साडेपाच लाख येनपर्यंत अनुदान मिळत होतं, म्हणजे जवळपास पाव किंमत. २०२२-२३ या आर्थिक वर्षात ती जपानमधली सर्वाधिक खपाची इलेक्ट्रिक गाडी ठरली.

चीनचं उदाहरण तर विचार करायला लावणारं आहे. २०२० मध्ये तिथे वूलिंग होंगग्वांग मिनी ही तीन मीटरपेक्षाही आखूड गाडी २८,८०० युआनपासून विकायला आली. त्या वेळच्या नियमानुसार केंद्राचं अनुदान ३०० किलोमीटरच्या वर पल्ला असलेल्या गाडीलाच मिळे, आणि हिचा पल्ला १२० किंवा १७० किलोमीटर. तरी ती धडाक्याने खपली. कंपनी मूळची ल्यूजो शहरातली, आणि तिथल्या प्रशासनाने छोट्या गाड्यांना जागा आखून दिल्या, चार्जिंगची सोय केली, लोकांना गाडी चालवून बघायला दिली. पल्ल्याची अट लावली की अनुदान आपोआप मोठ्या बॅटरीकडे, म्हणजे महाग गाडीकडे वळतं. छोट्या गाडीला रोख पैशांइतकीच हक्काने उभी करायची जागा आणि एक प्लग लागतो.

छोट्या गाडीत अपघातात जीव वाचेल का, असं लोक विचारतात. शंका रास्त आहे. एअरबॅग, भक्कम सांगाडा, चांगले ब्रेक यांत काटकसर केलेल्या गाडीला एक पैसाही देऊ नये, ही अट योजनेतच घालता येते. बससेवेवर आधी खर्च करा असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. पण रात्रीची पाळी संपवून निघालेल्या बाईला बस नसते, ही गोष्ट त्या युक्तिवादात सुटून जाते.

सर्वांत जास्त मनाला लागतं ते सवलत अचानक बंद होणं. जर्मनीत अनुदान २०२४ अखेरपर्यंत चालायचं होतं. न्यायालयाच्या निकालामुळे सरकारच्या हवामान निधीतले पैसे अडकले, आणि १६ डिसेंबर २०२३ ला जाहीर झालं की दुसऱ्या दिवसानंतर अर्ज घेतले जाणार नाहीत. अर्ज गाडीची नोंदणी झाल्यावरच करता येई. म्हणजे गाडी मागवून महिनोन्महिने वाट पाहणारे लोक अधांतरी राहिले. काही कंपन्यांनी ती रक्कम स्वतः सोसली, पण २०२४ मध्ये तिथली इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री २७ टक्क्यांनी घसरली. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला असा धक्का झेपतो. पै-पै जमवून हप्त्याचं गणित मांडणारा माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

फ्रान्सने २०२४ च्या जानेवारीत केलेला प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटला. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आणि कामासाठी रोज लांबचा प्रवास, अशांना महिना साधारण १०० युरोत इलेक्ट्रिक गाडी भाड्याने, आणि त्यासाठी सरकारकडून गाडीमागे १३,००० युरोपर्यंत. अपेक्षा वीस-पंचवीस हजार लोकांची होती. पन्नास हजारांच्या घरात मागणी आली आणि फेब्रुवारीतच योजना थांबवावी लागली. इतकी माणसं वाट पाहत होती.

धोरण आखणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी तरी कराव्यात. सवलत बिलावरच वजा व्हावी, आणि गाडीचं वजन व किंमत वाढेल तशी ती घटावी. ऑर्डर नोंदवलेल्या दिवशीचा दर गाडी हातात येईपर्यंत कायम राहावा. जुन्या गाड्यांनाही यात धरावं. अमेरिकेत २५,००० डॉलरपर्यंतच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर ४,००० डॉलरपर्यंत सूट होती. छोटी गाडी दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला सर्वांत मोठी धास्ती बॅटरीची असते, तेव्हा तिची क्षमता किती उरली आहे याचा तपासलेला दाखला विक्रीच्या कागदपत्रांबरोबर देणं विक्रेत्यावर बंधनकारक करावं.

आपली नम्र,
एक करसल्लागार वाचक