शनिवारच्या शिकवणीबद्दल आठवण

सभासदहो,

कॅनडात नवीन आलेल्या मुलांची मोफत शिकवणी या शनिवारी सकाळी १० ते १२ नेहमीच्या हॉलमध्ये आहे. मुलांना ९.५० पर्यंत आणून सोडा.

ही 'क्लास लावल्यासारखी' शिकवणी नव्हे. इकडे ऑन्टारिओत नववी ते बारावीच्या विषयांत ७० टक्के गुण वर्षभराच्या कामाचे आणि फक्त ३० टक्के शेवटच्या मूल्यमापनाचे असतात. आपल्याकडून आलेली मुलं गणिताचं उत्तर बरोबर काढतात, पण 'कसं काढलंस ते लिही' म्हटलं की अडतात आणि गुण तिथेच जातात. म्हणून आम्ही रीत शब्दांत मांडायचा, सादरीकरणाचा आणि शिक्षकांना न बिचकता प्रश्न विचारायचा सराव घेतो. दहावीतल्या साक्षरता चाचणीचीही तयारी होते.

पालकांनो, शाळेने ईएसएलचा (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारा) वर्ग सुचवला तर त्यात कमीपणा मानू नका. त्याची ३ क्रेडिट्सपर्यंत (क्रेडिट म्हणजे एक विषय पूर्ण केल्याची नोंद) इंग्रजीच्या सक्तीच्या ४ क्रेडिट्समध्ये धरता येतात. (हे मलाही मुलगी दहावीत गेल्यावर कळलं!)

दोन-तीन वर्षांपूर्वी आलेली मोठी मुलं शिकवणारे म्हणून हवी आहेत, निदान चार तरी. हायस्कूलच्या पदविकेला लागणारे समाजसेवेचे ४० तास यातून भरू शकतात, मात्र शाळेचा फॉर्म आधी दाखवून घ्या.

येताना शाळेचा लॅपटॉप आणि चालू असाइनमेंट आणा. येणार असाल तर गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर मुलाची इयत्ता कळवा.

– शिक्षण समिती