ती. आई-बाबांस

ती. आई-बाबा, सा. न.

आईचा जीव लगेच खालीवर होतो म्हणून आधी हे सांगते: तब्येत ठीक आहे, दोन्ही वेळा जेवते, पांघरूण पुरतं, खोलीत सकाळचं ऊन येतं.

आता जे ठरवलंय ते. बाबा, विचारत नाहीये, कळवतेय. या सत्रातला एक विषय मागे ठेवलाय, पुढच्या सत्रात घेईन. आणि दर आठवड्याला विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडे जाते. लगेच नानाकाका आठवू नका. त्यांचं वेगळं होतं. त्यांनाही वेळेवर कुणाशी बोलता आलं असतं तर... असो, तो विषय पत्रात नको. या बाई आमचं बोलणं कुणाला सांगत नाहीत, गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेखही नसतो.

झालं एवढंच की झोप उडाली होती. वर्गात सगळे हुशार, मीच चुकून आत शिरले, असं वाटायचं. वाटलं, हे माझंच. पण बाबा, तुमचा आकड्यांवर विश्वास, म्हणून लिहिते. 8 देशांतल्या 19 महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या सुमारे 14 हजार मुलांची पाहणी झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातून. 2018 मध्ये छापून आली. नैराश्य, चिंता, व्यसन अशांपैकी निदान एक त्रास कधी ना कधी झाल्याची लक्षणं साधारण 35 टक्के मुलांत दिसली. म्हणजे तिघांत एक. माझं तर तिथवर गेलेलंही नाही. वेळीच आलीस ते बरं केलंस, असं बाईच म्हणाल्या.

आई, तू आता मनात म्हणशील, आमचं काय चुकलं? काही नाही गं. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. फार हलाखीत वाढलेल्यांपैकीही तिसरा हिस्सा मुलं नीट उभी राहिली, आणि त्यांच्या पाठीशी बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. मला तर दोन मिळाली, शिवाय ताई. ताप आला की तू उशाशी आणि बाबा पायाशी, रात्रभर. अजूनही झोप लागेना की पायाशी कुणीतरी बसलंय असं धरून चालते, आणि लागते झोप. हे बाईंना सांगितलं नाही, हसतील म्हणून.

तर आता माझं ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नसते, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. आई, गुडघा दुखतो तर जिन्याच्या खेपा कमी कर, आणि रात्री मला फोन केला नाही म्हणून जागत बसू नकोस. सुट्टीत पूर्ण नाही येणार, थोडेच दिवस येईन. रागावून नाही, मागे ठेवलेल्या विषयाचं वाचायचंय.

ताईला हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती पुढच्याच गाडीने इथे येईल.

तुमचं शेंडेफळ