‘जुने फ्रॅक्चर’ म्हणजे नेमके किती जुने?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एक्स-रेवरून फ्रॅक्चरची तारीख काढण्याविषयीचा कालचा लेख वाचला आणि राहवलं नाही. ‘हाड कधी मोडलं ते अचूक कळतं’ असं सरळ छापलंत. अचूक? अशाच एका शब्दापायी आमच्या घराचं दीड वर्ष गेलं.

बाबांना रामबागेजवळ मोटरसायकलने उडवलं. त्या दिवशीच्या एक्स-रेत बरगड्या ठीक दिसल्या. बरगडीची बारीक चीर पहिल्या फिल्मवर बरेचदा दिसत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. खोकला आला की बाबा उशी छातीशी घट्ट आवळून धरायचे. बाविसाव्या दिवशी पुन्हा फिल्म काढली, तर दोन बरगड्यांवर पांढुरका फुगवटा. कॅलस, म्हणजे मोडलेलं हाड जुळताना त्याभोवती धरणारं नवं हाड. रिपोर्टवर दोनच शब्द, ‘ओल्ड फ्रॅक्चर’. विमावाल्यांनी तेवढेच धरले. म्हणे हे अपघाताआधीचं, क्लेम मिळणार नाही.

अहो, तीन आठवड्यांनी कॅलस दिसायचाच! आणि फ्रॅक्चर जुनं असतं तर तो पहिल्या दिवशीच्याच फिल्मवर दिसला नसता का? दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी-शेजारी धरून मी किती जणांना दाखवल्या. शेवटी एका रेडिऑलॉजिस्ट बाईंनी ‘साधारण तीन आठवड्यांचे, अपघाताच्या तारखेशी जुळणारे’ असं लिहून दिलं, तेव्हा कुठे फाइल हलली.

फिल्मवरून हाड भरून येण्याचा टप्पा कळतो, त्यावरून दिवसांचा अंदाज बांधायचा. आधी कडा धारदार असतात. मग लहान मुलांत आठवड्या-दोन आठवड्यांत हाडालगत नव्या हाडाची फिकट रेघ उमटते, मोठ्यांत उशिरा, म्हातारपणी आणखी उशिरा. कवटीला तर असा कॅलस सहसा धरतच नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज दिसली तर फ्रॅक्चर अलीकडचं म्हणतात, पण ती सूजही कित्येक आठवडे टिकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं ही गंभीर दुखापत आहे. अशा खटल्यात ‘अचूक’ शब्दावर कुणी विसंबलं तर?

आणि मथळ्यात ‘हाडांचे वय’ कशाला? ते निराळं. मुलगा सज्ञान आहे का हे बघायला मनगट-कोपराच्या हाडांची वाढ तपासतात, त्याला हाडांचं वय म्हणतात. मथळा देण्याआधी एखाद्या डॉक्टरांना फोन करायचा होता.

दुरुस्ती छापावी, आणि ती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी ही विनंती.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर