बुलेटच्या इंजनाचं ठरवलंय, पूर्ण वाचल्याशिवाय फोन करू नका

आई, बाबा,

बाबा, आधी हे पूर्ण वाचा, मग फोन करा. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आईला देतो" म्हणून फोन तिच्याकडं देता आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहूलालेय. भैय्याला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, चष्मा टीव्हीच्या बाजूला नाहीतर देवघरात असेल. आई, तू पण वाच, तुझं खाली आहे.

तर आधी मुद्द्याचं. बुलेटचं जाम झालेलं इंजन काढून तिथं बसवायला तुम्ही ठरवलेलं ते नांदेडवरून येणारं इंजन मी नको म्हणून कळवलं. तुम्ही दिलेला इसार परत आला, भैय्याकडं आहे. इंजन आपलंच राहणार, त्याचंच काम करायचं, लातूरच्या मिस्त्रीला हो म्हणले आणि निम्मे पैसे पण देऊन टाकले. आता रागावू नका. रागावलात तरी चालेल पण अर्ध्यात कागद ठेवू नका.

तुमचं म्हणणं मला कळतं. काढलं, बसवलं, एका दिवसात गाडी दारात, खर्च पण जवळपास तेवढाच, मग खोलाखोली कशाला. माझं पण आधी हेच मत होतं खरं सांगायचं तर, जुनं इंजन किती दिवस ओढायचं असंच वाटायचं. पण महालक्ष्म्याला आले तेव्हा भैय्यासोबत ते इंजन बघून आले ना मी, तुम्ही झोपला होता दुपारी. वरून एकदम चकाचक, काळा रंग मारलेला, हाताला वास येत होता रंगाचा. आणि डाव्या अंगाला चेंबरवर, म्हणजे क्रँक बसतो त्या खालच्या खोक्यावर, जिथं नंबर असतो तिथं बोट फिरवलं तर बाकीचं चेंबर खरबरीत आणि तेवढीच जागा गुळगुळीत, ग्राइंडर फिरवल्यासारखी, त्यावर नंबर ठोकलेला पण शेवटचा आकडा तिरका. विकणाऱ्याला विचारलं कागद कुठंय तर म्हणे "ताई जुन्या गाडीला कोण बघतंय". अहो बघतात. आरसीवर चॅसी नंबर असतो तसा इंजन नंबर पण असतो, इंजन बदललं की आरटीओत जाऊन आरसीवर नवीन नंबर चढवावा लागतो, आणि तो कुठल्या गाडीचा कुठून आला याचा कागद आपल्याकडं नसेल तर काय चढवणार. आपली गाडी 88 ची, एमएच पण नव्हतं तेव्हा नंबरात. दर पाच वर्षाला पासिंग, पुढचं 2028 ला, तेव्हा तो साहेब पेन्सिलीनं छाप घेईल आणि तुम्ही तिथं उन्हात उभं राहून सांगणार की मला माहीत नव्हतं. 31 वर्षं झेडपीत मास्तरकी केली, पोरांच्या एका रुपयाचा हिशोब चुकू दिला नाही, आणि चोरीच्या इंजनावर फिरणार? नको.

मग मिस्त्रीकडं जाऊन आपलं इंजन खोलायला लावलं. मी समोर बसले होते, त्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली आणि दोनदा चहा. पिस्टन बाहेर काढला तर एका बाजूनं वरपासून खालपर्यंत ओरखडे, आणि ॲल्युमिनियम वितळून रिंगवर असं पसरलेलं की रिंग खाचेतच चिकटून बसली होती, नखानं पण हलेना. बोअरला, म्हणजे सिलिंडरला, तसेच ओरखडे. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली केलं तर टक टक आवाज. ऑइल काढलं तर अर्धा लिटर पण निघालं नाही हो बाबा, आणि जे निघालं ते डांबर होतं. औसा रोडला मे महिन्याच्या दुपारी ती जाम झाली त्यात नवल नाही, त्या आधी इतके दिवस चालली ह्याचंच नवल.

पण चेंबर एकदम चांगलं आहे. कुठं तडा नाही, बेअरिंगच्या जागा घट्ट. मिस्त्री म्हणाला, "चेंबर असं असताना इंजन कशाला बदलूलालाव ताई?" मला तेवढंच ऐकायचं होतं. बोअर आपलं आधीच दोनदा झालंय, एकदा किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी आणि एकदा माझ्या लग्नाआधी, म्हणजे आता 40 चा पिस्टन आहे, मूळ मापापेक्षा इंचाचे 40 हजारांश मोठा. 60 चा बसतो अजून पण ओरखडे खोल आहेत आणि 60 च्या पुढं काही नाही, म्हणून बोअरच नवीन टाकायचं, स्टँडर्ड 70 एमएमचं, त्याला नवीन पिस्टन. कनेक्टिंगचा किट नवीन, ऑइल पंप नवीन, व्हॉल्व आणि गाइड नवीन. हेड आपलंच, क्रँकच्या प्लेटा आपल्याच, फक्त सेंटर करून घ्यायच्या. चेंबर आपलं म्हणजे नंबर आपला, आरसीला हात लावायची गरज नाही. बुलेटचं एक बरं आहे, अजून सगळं मिळतं. मामाच्या राजदूतला तीन दुकानं फिरून एक पार्ट मिळत नाही, शेवटी कोंबड्या बसतात तिच्यावर.

आणि भैय्याच्या मित्रानं जे डोक्यात घातलंय ना तुमच्या, की नव्या बुलेटचं सेल्फवालं इंजन टाकू, ते होत नाही. त्या इंजनात गिअरबॉक्स एकत्र असतो, आपल्यात वेगळा, फ्रेम कापावी लागेल. आणि त्याचे गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. आपलं बरोबर उलटं. 37 वर्षं डाव्या पायानं ब्रेक मारलेला माणूस समोर म्हैस आली की कुठला पाय दाबेल?

आता जे खरं सांगायचंय ते. गाडी जाम झाली त्या दिवशी तुम्ही ती ढकलत आणली. उन्हात. आम्हाला कोणालाच फोन केला नाही, मिस्त्रीला केला. मला कळलं ते शेजारच्या काकूंच्या स्टेटसवरून की "सरांची तब्येत बरी नाही". लातूरला ईसीजी नॉर्मल आला ते देवाचीच कृपा, पण शुगर किती आली ते तुम्ही मला वेगळं सांगितलं, भैय्याला वेगळं आणि आईला सांगितलंच नाही. (आई, 280 होती.) आणि गुडघा. उजवाच. बुलेटची किक पण उजव्याच पायाची. मागं एकदा झटका मारला किकनं तेव्हा तुम्ही कसं तोंड केलं ते मी खिडकीतून बघितलं, मग मी बाहेर आले तर म्हणे चप्पल निसटली.

मला आठवतं, मी टाकीवर बसायचे आणि माझी ड्युटी असायची अँपमीटरच्या काट्याकडं बघायची. तुम्ही हळू हळू किक दाबायचे, मी "आला आला, मधी आला" ओरडायचे, मग तुम्ही ते इंजनातला दाब सोडायचं डिकॉम्प्रेसरचं लिव्हर दाबून किक थोडी पुढं न्यायचे, सोडायचे, आणि मग एकच दणका. मला वाटायचं माझ्या ओरडण्यानंच गाडी चालू होते. शाळेत सांगितलं पण होतं सगळ्यांना. वेळामावसेला, शेतातल्या त्या अमावस्येच्या पूजेला, तर विचारूच नका, टाकीवर मी, मागं आई, तिच्या मांडीवर भैय्या, भैय्याच्या मांडीवर आंबलीचं बिंदगं, आणि शेतापर्यंत आई "हळू चालवा, सांडूलालंय" एवढंच बोलायची. मग कडब्याच्या कोपीभोवती फिरत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणताना तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे, मास्तर असून.

म्हणून बुलेट विकायचा विषय घरात कोणी काढला तरी मी काढू देणार नाही, भैय्याला पण दम दिलाय. विसर्जनाच्या त्या भूकंपाच्या रात्रीनंतर तुम्ही तिच्यावर कोणाकोणाला घेऊन आलात ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही सांगत नसलात तरी.

पण रोजच्याला बुलेट नको बाबा. मी एक स्कुटी बुक केलीय. हो, स्कुटी. 110 सीसी, पेट्रोलचीच, करड्या रंगाची (लाल नाही, मला माहीत होतं तुम्ही काय म्हणणार). बटण दाबलं की चालू. दोन्ही ब्रेक हातात, पायाला काही कामच नाही. दवाखाना, बँक, भाजी, पतसंस्थेची मीटिंग, सगळं हिच्यावर. तुमचे मित्र हसतील पहिले आठ दिवस, हसू द्या, त्यातल्या दोघांना तर त्यांच्या सुना सोडायला येतात. आणि कोणी विचारलं तर सांगा पोरीनं आईसाठी घेतली. खोटं पण नाही ते.

आई, आता तुझं. स्कुटीला साडी गार्ड लावून घेतलंय, सीट रुंद आहे, तुला एका बाजूनं बसता येईल आरामात, बुलेटवर तुझी कंबर कशी धरायची ते मला माहीत आहे, तू बोलत नसलीस तरी. पुढं पाय ठेवायच्या जागी पिशवी राहते, दळण पण राहतं, दहा किलोपर्यंत, त्याच्यावर नको. सीटखाली डिक्की आहे, तिथं पाण्याची बाटली आणि बाबांसाठी दोन बिस्किटं कायम ठेव, गोड नाही, ती फिकी वाली. कूलरचं पाणी ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी बदलायचं, साठवून ठेवू नको, डेंग्यू चालूय सगळीकडं. आणि बीपीची गोळी संपली की मला सांग, "उद्या आणते" करत तीन तीन दिवस काढू नको. जवसाची चटणी पाठवू नको आता, दोन बरण्या पडल्यात. बरं, पाठव. थोडी.

बाबा, आता बुलेट घरी आल्यावरचे नियम, आणि यात घासाघीस नाही. मिस्त्री म्हणलाय पहिले 500 किलोमीटर 40 च्या वर न्यायची नाही, चढाला रेस द्यायची नाही, मागं कोणी बसवायचं नाही. 500 ला ऑइल बदलायचं, 20 डब्ल्यू 50 च टाकायचं, तेलाच्या दुकानातलं सुट्टं नाही. दर रविवारी काडी काढून ऑइल बघायचं, फोटो मला व्हॉट्सॲपवर. किक तुम्ही मारायची नाही. काट्याकडं तुम्ही बघा, लिव्हर तुम्ही दाबा, किक शेजारचा पोरगा मारेल, त्याला मी बोललेय, त्याला तर बुलेटला हात लावायला मिळतोय याचाच आनंद. चालवायची फक्त गावात आणि शेतापर्यंत. लातूर रोडला नाही. हेल्मेट घालायचंच, टोपीवर टोपी म्हणू नका.

आणि लायसन. तुमचं या डिसेंबरला संपूलालंय, मी बघितलं. तुमच्या वयाला पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1ए लागतो, त्यात डोळे तपासतात. म्हणून डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं आता पुढं ढकलू नका, दिवाळी झाली की करून टाकू, मी आठ दिवस सुट्टी टाकलीय, मंजूर पण झाली. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, त्याच दिवशी घरी सोडतात, आईच्या हातची भाकरी त्याच संध्याकाळी खायची.

पैशाचं मनाला लावून घेऊ नका. मला माहीत आहे तुम्ही पेन्शनमधून वळते करायला बघणार, पाठवले तर मी परत पाठवीन, आणि मग बँकवाले आपल्या दोघांना वेडे म्हणतील.

मिस्त्री वेळामावसेच्या आठ दिवस आधी गाडी देतो म्हणलाय. मिस्त्री लोकांचा शब्द म्हणजे कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी त्याला पंधरा दिवस आधीची तारीख सांगून ठेवलीय. तुम्ही मधेच जाऊन त्याच्या डोक्यावर बसू नका, "हे असं का खोललं, ते तसं का घासलं", तो काम सोडून देईल. गेलातच तर स्कुटीवर जा आणि भैय्याला सोबत न्या.

स्कुटी येत्या गुरुवारी मिळते. आई, नारळ आणि लिंबं आणून ठेव, आणि बाबा आधी नको नको म्हणतील, तू चावी हातात घेऊन मागं बसायला उभी राहा, मग बघ कसे घालतात चप्पल.

आता फोन करा.

तुमची,
ताई