चहाचा च, चमच्याचा च

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सखे,

तुझा सव्वासात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलीस, ऑनलाइन मराठी शिकवायचं ठरवलंस, शिक्षक शोधून देणाऱ्या साइटचा सगळा फॉर्म भरलास आणि परिचयाच्या व्हिडिओपाशी येऊन अडलीस. 'दोन मिनिटं बोलायला आठ दिवस लागले गं,' म्हणतेस. मला सतरा लागले होते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसत सुटतेस, म्हणून लिहिते.

माझा पहिला व्हिडिओ म्हणजे साडी, गजरा, जोडलेले हात आणि सुरुवात थेट यादवांच्या काळापासून. मराठी किती जुनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जा कसा मिळाला, २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून कशी नोंदवली, वगैरे. मग माझी पदवी, बी.एड., बावीस वर्षांचा अनुभव. एकूण चार मिनिटं. भाचीला दाखवला. तिने अर्ध्या मिनिटातच थांबवला आणि म्हणाली, "मावशी, 'सन्माननीय व्यासपीठ' तेवढं राहिलं."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण कणीक मळता मळता डोक्यात तेच घोळत होतं. हे सगळं मी सांगत होते कुणाला? मराठी शिकायला शिक्षक शोधत आलेल्या माणसाला मराठी थोर आहे हे पटवायचं कशाला? त्याला पटलंय, निदान गरज तरी पडलीय, म्हणूनच तो आलाय. तो दहा शिक्षकांचे व्हिडिओ एकामागून एक बघतो आणि मनात एवढंच जोखतो की या बाईसमोर तासभर चुकलो तर चालेल का. माझ्या त्या पहिल्या व्हिडिओतल्या बाईसमोर मीसुद्धा चुकले नसते. भीतीच वाटली असती.

दुसरा व्हिडिओ घाईत केला आणि तो साइटकडून परत आला. चूक माझीच, नियम वाचलेच नव्हते. मोबाईल उभा धरला होता आणि शेवटी 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून स्वतःचा नंबर सांगितला होता! तेव्हा तू आधी नियम वाच. प्रेप्ली या साइटवर व्हिडिओ ३० सेकंदांपेक्षा मोठा आणि २ मिनिटांच्या आत लागतो. आयटॉकी ही दुसरी साइट काय, प्रेप्ली काय, व्हिडिओ आडवा हवा, चेहरा नीट दिसायला हवा आणि फोन, ईमेल, पत्ता यातलं काहीही नको.

आता तुझी मुख्य तक्रार, 'मी त्यात पोलीस ठाण्यातल्या फोटोसारखी दिसते'. तू खिडकीकडे पाठ करून बसली असणार. खिडकी समोर घे. सकाळी नऊच्या सुमारास पडद्यातून येणारा उजेड पुरतो, रिंगलाइटचे पैसे घालवू नकोस. शिवाय चष्मा असला की त्या दिव्याची दोन वर्तुळं काचांत दिसतात आणि आपण घुबड होतो. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर हवा. माझा दिवाळी अंकांच्या ढिगावर आडवा ठेवला होता, बरोबर अकरा अंक लागले. आणि लेन्सकडे बघून बोल, पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे नको. मला ते काही केल्या जमेना, तेव्हा लेन्सच्या शेजारी एक लाल टिकली चिकटवली आणि तिच्याशी बोलले. साडी नेसायची तर साधी नेस. बारीक चौकडीची साडी कॅमेऱ्यात मुंग्या चालल्यासारखी लवलवते.

आवाजाचं मात्र मनावर घे. चेहरा थोडा अंधारात गेला तरी लोक चालवून घेतात, पण भाषा शिकवणाऱ्या बाईचा शब्दच कळला नाही तर पुढे कोण येईल? चारशे-पाचशेचा कॉलर माईक घे, पंखा बंद कर. माझ्या एका टेकमध्ये सतत खुळखुळ येत होती. तासभर कपाटं हलवून पाहिली, शेवटी कळलं की माईक मंगळसूत्रावर घासतोय. खोली घुमत असेल तर मोबाईलच्या मागे दोरीवर गोधडी टाक. माझा एक चांगला टेक भंगारवाल्याच्या कर्ण्याने घालवला, त्यावर उपाय नाही.

मग बोलायचं काय? मी शेवटी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि तिसऱ्या वाक्याला शिकवायलाच लागले. टेबलावर कप होता, तो डाव्या हातात धरला. "चहा." उजव्या हाताने चमचा वर केला. "चमचा." अक्षर एकच, उच्चार दोन. चहाच्या 'च'ला जीभ टाळूला लागते, चमच्याच्या 'च'ला ती पुढे दातांच्या मागे येते, जवळजवळ 'त्स'. आपल्याला लिहिताना हा फरक दिसतच नाही आणि हिंदी शिकून आलेली माणसं नेमकी इथे घसरतात. एवढं बोलून म्हटलं, "आता तुम्ही म्हणा," आणि गप्प बसले. चार सेकंद. नुसती लेन्सकडे, म्हणजे टिकलीकडे, मान किंचित पुढे करून ऐकत राहिले. भाची म्हणाली, तो रिकामा तुकडा काप. मी नाही कापला.

माझा सगळ्यात जुना विद्यार्थी जर्मनीतला आहे, बायको कोल्हापूरची. त्याने पहिल्याच तासाला सांगितलं की ट्रॅममध्ये व्हिडिओ बघताना त्या चार सेकंदांत तो मोठ्याने 'चमचा' म्हणाला आणि शेजारचे आजोबा दचकले. त्याला हा च सोपाच, जर्मनमधला झेड तसाच उच्चारतात, साखरेला ते 'त्सुकर' म्हणतात. अडतो तो ळ. परवा मला विचारतो, "तुमच्याकडे वेल आहे का?" म्हटलं, आहे की, जाईचा. दहा मिनिटं तासच झाला नाही.

इंग्रजीची काळजी करतेस ती सोड. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी असू दे. इंग्रजी वाक्यं आखूड ठेव, लिहून काढ, पण वाचू नकोस. वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे पळतात आणि लगेच कळतं. मराठीतलं एक वाक्य नेहमीच्या वेगाने म्हण, मग तेच सावकाश.

आणि 'माझं नागपुरी ऐकून लोक पळतील' हे काय खूळ? पुस्तकी मराठी शिकवता येतेच तुला. पण एखादी नागपूरची नवी सून असेल, सासूबाई 'स्वयंपाक करून राहिली' म्हणतात आणि हिच्या पुस्तकात ते कुठेच नाही, तिला मी सातारकरीण काय सांगणार? ती तुझ्याकडेच यायला हवी. व्हिडिओत एक वाक्य तसलं टाकच. आपल्या हॉस्टेलवर मी तुझं 'येऊन राहिली' ऐकून हसायचे, त्याबद्दल आत्ता माफी मागते, पंचवीस वर्षं उशिरा.

अजून एक. पहिल्या महिन्यात मला एकच चौकशी आली, तीही न्यू जर्सीच्या एका मुलीची. आजीचं सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं, अशी. तिची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, तेव्हा वेळा भरताना झोपेचा विचार कर. मी नाही केला.

व्हिडिओ टाकण्याआधी मला पाठव. तू पाठवलेल्या फोटोत खुर्चीमागे किराणा दुकानाचं कॅलेंडर दिसतंय. त्यावर तू सिलिंडरच्या तारखा मांडल्यात ते राहू दे, पण खाली दुकानाचा फोन नंबर छापलाय तळहाताएवढा. ते आधी उतरव, नाहीतर माझ्यासारखा तुझाही परत येईल.

तुझीच,
अकरा नंबर खोलीतली