साखरेच्या केमिस्ट्रीसाठी कोल्हापुरात लॅब द्या: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात कॉलेजवर केमिस्ट्री शिकवतो. आमच्याकडं उसाचा विषय निघाला की एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), रिकव्हरी (साखरेचा उतारा), आणि आता इथेनॉल. ते बरोबरच आहे, त्यावरच घरं चालतात. पण साखरेच्या रेणूत थोडा फेरफार करून औषधं बनतात, आणि ते काम आमच्या पोरांना इथं हातानं करायला मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कॅन्सरचा पेट (PET) स्कॅन घ्या. पेशंटला टोचतात ते जवळजवळ ग्लुकोजच असतं, फक्त दुसऱ्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून तिथं किरणोत्सारी फ्लोरिन-18 बसवलेला. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते, फॉस्फेट चिकटवते, पण पुढच्या पायरीला लागणारा ओएचच तिथं नाही, मग ते आतच अडकतं आणि जास्त ग्लुकोज खाणारी गाठ स्कॅनवर उठून दिसते.

डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन तर आता घरोघरी आहे. तिचं मूळ फ्लोरिझिन, 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतनं काढलेलं. ते किडनीतनं ग्लुकोज रक्तात परत जाऊ देत नाही, पण तोंडावाटे घेतलं की आतड्यातले एन्झाइम त्याची साखर तोडतात. मग केमिस्टनी साखर आणि बाकीचा रेणू यांच्या मधला ऑक्सिजन काढून साखर थेट कार्बनला जोडली, तो बाँड एन्झाइमला तुटत नाही. 2020 मध्ये भारतात तिचं पहिलं पेटंट संपलं आणि मग गोळी स्वस्त झाली.

आणि मिरगीवरचं टोपिरामेट फ्रुक्टोजपासनं बनवतात. आपली साखर म्हणजे ग्लुकोज अधिक फ्रुक्टोजच की!

हे काम लई किचकट आहे साहेब. ग्लुकोजवर पाच ओएच, सगळे जवळपास सारखे, एकालाच हात लावायचा तर बाकीचे आधी झाकावे लागतात, नंतर उघडावे लागतात, आणि जोडणी अल्फा झाली का बीटा, म्हणजे साखरेच्या कड्याच्या खालनं झाली का वरनं, हे एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) काढल्याशिवाय कळत नाही. फळ्यावर शिकवून हे येत नाही. म्हणून हुशार पोरं पुणे, हैदराबाद गाठतात.

शिवाजी विद्यापीठात फक्त कार्बोहायड्रेट (म्हणजे साखरेच्या) केमिस्ट्रीची एक लॅब द्या. कायम प्राध्यापक, केमिकल्सना दरवर्षी ठरलेला निधी, आसपासच्या कॉलेजांना एनएमआरची वेळ, आणि फेलोशिप महिन्याच्या महिन्याला. यानं उद्या उसाचा दर वाढणार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण येत्या बजेटमध्ये याची तरतूद करा, अभ्यासक्रम बसवायचं काम आम्ही शिक्षक करतो.

आपला,
कोल्हापुरातला एक केमिस्ट्रीचा शिक्षक